व्हॉलेची हायपरव्हेक्टर: चढाला हलकी, पण स्क्रू जपून

सॉल्ट लेक सिटीत बनणाऱ्या या टूरिंग स्कीचा, म्हणजे आपल्या पायांनी चढून मग घसरत उतरायच्या स्कीचा, गाभा पाउलोनिया लाकडाचा, त्यावर कार्बन फायबर. लाकूड हलकं तितकंच मऊ, त्यामुळे खरी कसोटी बाइंडिंग (बूट स्कीला जखडणारी पकड) बसवताना लागते. आत धातूचा पत्रा नाही, तेव्हा ड्रिल ३.६ मिमीचा, खोली सुमारे ९ मिमी, तीही स्टॉपर (ड्रिलला ठरल्या खोलीवर अडवणारी कडी) लावूनच. भोकात इपॉक्सी गोंद सोडा आणि शेवटचे फेरे हातानेच द्या. यंत्राने पिळलात की आट्यांनी लाकूड सोललंच म्हणून समजा. मग स्क्रू फिरत राहतो, पाणी मुरतं, गाभा कुजतो.

भुसभुशीत बर्फात छान वळते. गोठलेल्या उतारावर मात्र थरथरते, धक्का गिळायला वजनच नाही! लिफ्टने वर जाणाऱ्यांनी पैसे वाचवावेत.