कोकम आगळ: संध्याकाळच्या ग्लासासाठी

दारू सोडल्यावर सगळ्यात अवघड जाते ती संध्याकाळी साडेसात-आठची वेळ. हाताला ग्लास हवा असतो. त्या वेळेसाठी मी कुडाळच्या एका घरगुती उत्पादकाकडून आगळ मागवतो, आणि ते मनापासून सुचवावंसं वाटतं.

आगळ म्हणजे पिकलेल्या रातांब्यांचा (कोकमाच्या फळांचा) मीठ घालून टिकवलेला रस. कोकम सरबताच्या बाटलीत साखर भरपूर. आगळात ती नसते. दारूबरोबर माझं गोड कमी करणंही चालू आहे, म्हणून हा फरक मोठा. उंच ग्लासात दोन मोठे चमचे आगळ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, बर्फ, वरून थंड सोडा. आंबट-खारट घोट सावकाशच घ्यावा लागतो, त्यामुळे एक ग्लास तासभर पुरतो. सोबत शेव-फरसाण बंद; फुटाणे आणि पेरूच्या फोडी.

बिनअल्कोहोलची बिअरही मिळते, पण तिच्यात 0.5 टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं. मला ती नकोच, वासानेच जुनी तलफ उठते.

आगळ खारट आहे, रक्तदाब असेल तर अगदी बेताने घ्या. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने कुणाच्या सांगण्यावरून दारू एकदम तोडू नये. हात थरथरतात, भास होतात, झटकेही येऊ शकतात. आधी डॉक्टर गाठा. दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट असलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना फी नसते, तिथेही जरूर जा.

मागवताना काचेची बाटली सांगा. प्लास्टिकची प्रवासात गळते आणि तो लाल डाग कपड्यावरून जात नाही.