नागदेवी स्ट्रीटवरचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, आमच्या सोसायटीच्या स्विमिंग पूलचा पंप यांच्यामुळे वाचला

मुलुंड वेस्टला आमची सोसायटी, पूल तसा छोटाच, ९० हजार लिटरचा, पंप दीड एचपीचा सिंगल फेज. ऐन मे महिन्यात, पोरांच्या बॅचेस फुल असताना सकाळी वॉचमनचा फोन आला की पंप नुसता घूं घूं करतोय, पाणी काही फिरत नाहीये आणि थोड्या वेळाने एमसीबी (जास्त करंट गेला की लाइन तोडणारा स्विच) पडतोय. कमिटीत पूलचं काम माझ्याकडे, त्यामुळे चहा तसाच ठेवून खाली पळालो.

आमचा ज्यांच्याशी वर्षाचा मेंटेनन्स करार आहे त्यांचा माणूस दुपारी आला, काहीही न उघडता पाच मिनिटांत सांगून मोकळा झाला की अख्खा पंप सेट गेला, नवीन घ्या, ४२ हजार. मला ते पटलंच नाही कारण पंपाची बॉडी, बास्केट, झाकण सगळं धडधाकट दिसत होतं. पण कोटेशन मंजूर होईपर्यंत पूल बंद, आणि मुंबईतल्या मेच्या उन्हात पाणी फिरलं नाही तर काय होतं ते ज्यांच्याकडे पूल आहे त्यांना सांगायला नको, तिसऱ्या दिवशी तळाच्या टाइल्स दिसेनात. माझ्या आईला डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी रोज पाण्यात चालायला सांगितलंय, ती दोनदा टॉवेल घेऊन खाली जाऊन परत आली, ते बघून फार वाईट वाटलं.

मग मीच सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला धरून बसलो. मेन स्विच काढला, मोटरला सुरू व्हायला जोर देणारा कपॅसिटर डिस्चार्ज करून मीटरवर बघितला, ३६ मायक्रोफॅरडचा होता, ३५ दाखवत होता म्हणजे चांगला. घूं आवाज आला की सगळे आधी कपॅसिटर बदलतात आणि बऱ्याचदा तेच असतं, पण आमचं नव्हतं. मागचं फॅन कव्हर काढून पंखा हाताने फिरवायला गेलो तर जागचा हलेना, शाफ्ट म्हणजे मोटरचा फिरणारा दांडाच जाम. आणि मोटर आणि पंप जिथे जोडतात त्याच्या खाली पांढरे ओघळ सुकलेले, ते मी आधीपासून बघत होतो आणि क्लोरीन सांडलं असेल म्हणून सोडून देत होतो. ते सील, म्हणजे पंपातलं पाणी शाफ्टवरून मोटरकडे येऊ न देणारा भाग, गळण्याचं लक्षण होतं हे आता कळलं.

दुसऱ्या दिवशी मोटर सोडवून गोणीत घातली, लोकलच्या लगेजच्या डब्यातून मस्जिदला उतरलो आणि चालत नागदेवी. पंप, बेअरिंग, सील, हत्यारं, जे पाहिजे ते त्या गल्लीत मिळतं. एका ओळखीच्या फिटरने सांगितलेलं हे दुकान, दहा बाय दहाचा गाळा, आत वार्निशचा वास.

तिथले काका मूळचे मालवणकडचे. त्यांनी एका शब्दानेही किंमत न सांगता आधी मोटर माझ्यासमोर उघडली. पुढचं बेअरिंग गंजून लाल झालेलं, गोळ्या फिरतच नव्हत्या. सीलमधून पाणी शाफ्टवरून बेअरिंगमध्ये, बेअरिंग जाम, मग रोटर (मोटरचा आतला फिरणारा भाग) अडकलेला असताना करंट चालूच राहिला म्हणून वाइंडिंग, म्हणजे आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी, जळून काळं, असा सगळा क्रम त्यांनी बोट ठेवून ठेवून दाखवला. मी म्हटलं काका रिवाइंड करून द्या, दोन बेअरिंग आणि सील टाका. तर त्यांनी शाफ्ट कापडाने पुसून माझ्या हातात दिला, म्हणाले, "इथे नख फिरवून बघा." सील बसतं तिथे नख अडकलं, बारीक चर पडला होता. "मी तांबं भरून देईन हो, पैसे पण घेईन, पण या शाफ्टवर नवं सील टिकायचं नाय, दोन महिन्यांत तुम्ही परत माझ्या दारात." हे रिवाइंडिंगवाला माणूस सांगतोय, त्याचं स्वतःचं काम सोडून! मला या माणसाबद्दल खरंच आदर वाटला.

मग व्हर्नियरने शाफ्टची जाडी, बोल्टची अंतरं मोजून त्याच मापाची नवी मोटर शेजारच्या दुकानातून मागवून दिली, सोबत सील आणि ओ रिंग. जुन्या मोटरमधलं तांबं वजन करून त्याचे पैसे वजा केले, सगळं मिळून १४,६०० झाले. कुठे ४२ हजार आणि कुठे हे.

बसवायचं कसं तेही नीट सांगितलं: सीलच्या गुळगुळीत बाजूला बोटं लावायची नाहीत, तेलकट डाग पडला तरी गळतं, रबराला साबणाचं पाणी लावून बसवायचं, ओ रिंगला साधं ग्रीस लावायचं नाही, सिलिकॉन ग्रीसच, आणि चालू करायच्या आधी बास्केटचं भांडं पाण्याने काठोकाठ भरायचं कारण कोरडा चालला की सील गेलंच. संध्याकाळी बसवून क्लॅम्प मीटर लावला, प्लेटवर ७.८ अँपिअर लिहिलेले, घेत होती ७.१, जीव भांड्यात पडला. पूलच्या लाइनवर आमच्याकडे नुसता एमसीबी होता, त्याच दिवशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लगेच लाइन तोडणारा स्विच) बसवून घेतला, पाण्यात पोरं असतात, त्यात तडजोड नको. क्लोरीनचे डबे पण पंप रूममधून हलवले, त्या वाफेने मोटर गंजते असं काका म्हणाले.

चार दिवसांत पाणी निवळलं. एक पावसाळा काढला, मोटरखाली जमीन कोरडी आहे.

एक स्टार कापतोय कारण पक्कं बिल दोनदा मागावं लागलं, सोसायटीच्या ऑडिटला ते लागतंच, आणि घरी येऊन बसवून देत नाहीत, फिटर तुमचा तुम्ही बघायचा. रविवारी बंद, दुपारी दीड ते अडीच जेवणाची सुट्टी. गाडी नेऊ नका, उभी करायला जागाच नाही. आणि नुसता मोटरचा फोटो घेऊन जाऊ नका, मोटर, जुनं सील आणि इम्पेलर (शाफ्टवर बसणारं, पाणी ढकलणारं चाक) तिन्ही घेऊन जा, मी इम्पेलर घरी विसरलो आणि थ्रेड जुळतो की नाही हे बघायला परत मुलुंडला यावं लागलं.