जुन्या जिनाच्या भिंतींसाठी चुना: बाजारात काय मिळतं आणि त्यातलं काय घ्यावं

वऱ्हाड-खानदेशातल्या कापसाच्या गावांत बंद पडलेले जिन-प्रेस, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधणारे कारखाने, अजून उभे आहेत. विटांची उंच चिमणी, छप्पर उडालेला जिन हॉल, बॉयलरच्या पाण्याचा हौद, सरकीची कोठी. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० च्या सुमारास खामगाव आणि अमरावतीला फाटे गेले, आणि पुढच्या काही दशकांत रुळांच्या आसपास हे कारखाने उभे राहिले. जुनं बांधकाम बहुतेक चुन्यातलं. आता ग्रामसभेने यातली एखादी वास्तू राखायचं ठरवलं, की अंदाजपत्रक करणारा सवयीने ‘सिमेंट १:४’ (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) लिहून मोकळा होतो आणि काम तिथेच बिघडतं. म्हणून हे परीक्षण एकाच मालाचं आहे. दुकानात ‘चुना’ म्हणून चार वेगळ्या वस्तू मिळतात, आणि विकणारा बहुधा ‘सगळं एकच हो’ म्हणतो.

निकाल आधीच सांगतो. सांधे भरायला गावाने स्वतः भिजवलेला कळीचा चुना, म्हणजे भट्टीतून निघालेला, न विझवलेला. उघड्या भिंतीच्या माथ्याला आणि हौदाला एनएचएल ३.५, हा जलबद्ध म्हणजे पाण्यातही घट्ट होणारा चुना. पोत्यातला हायड्रेटेड (आधीच विझवून पूड केलेला) चुना अडीअडचणीला. ‘हेरिटेज’ नावाचं तयार मिश्रण नको.

सिमेंट का नको, हे एकदा नीट समजलं की पुढचं सोपं आहे. जुनी वीट मऊ आणि पाणी पिणारी असते. सांधा चुन्याचा असला तर ओल सांध्यातून सुकते आणि क्षार सांध्यातच साचतात. काही वर्षांनी तो सांधा झिजतो, तो परत भरायचा. सांधा सिमेंटचा केला की ओल विटेतून बाहेर पडायला लागते, क्षार विटेच्या तोंडाशी जमतात आणि विटेचा दर्शनी पापुद्रा सुटतो. सांधा शाबूत आणि वीट आत गेलेली, अशी भिंत दिसली की समजावं कोणीतरी ‘मजबुती’ करून गेलं आहे. काळ्या दगडाच्या जोत्याचं दुखणं वेगळं. तो दगड पाणी पीत नाही, त्यामुळे भिंतीच्या पोटात शिरलेलं पाणी बाहेर येतं ते फक्त सांध्यांतून. ते बंद केले की आतला भराव भिजत राहतो, त्यातला चुना धुपतो आणि एखाद्या पावसाळ्यात भिंत पोट काढते. त्यात खाली काळी माती, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. चुन्याचा सांधा तेवढी हालचाल सोसतो. सिमेंटचा सोसत नाही, मग तडा विटेतून जातो.

पोत्यातला हायड्रेटेड चुना

तालुक्याच्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, पांढरी बारीक पूड, भाव सगळ्यात कमी. रासायनिकदृष्ट्या हा विझवलेला चुनाच आहे. पण पोतं गोदामात पडून राहिलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन त्याचा पुन्हा चुनखडक होतो, म्हणजे पैसे देऊन खडूची भुकटी घेतल्यासारखं. पारख सोपी आहे: चमचाभर पूड पाण्यात कालवून त्यावर व्हिनेगर टाका. फसफसून फेस आला तर पोतं परत करा, एखाद-दुसरा बुडबुडा चालतो. दुसरी अडचण मॅग्नेशियमची. डोलोमाइटपासून केलेल्या चुन्यातला काही भाग फार उशिरा विझतो आणि तोवर तो सांध्यात बसलेला असतो. तिथे फुगून तो भरलेला सांधा बाहेर ढकलतो. भारतीय मानक आयएस ७१२ मध्ये बांधकामाच्या चुन्याचे वर्ग आहेत: ए पक्का जलबद्ध, बी मध्यम जलबद्ध, सी साधा पांढरा चुना, डी मॅग्नेशियमवाला, ई कंकराचा. पोत्यावर वर्ग छापलेला नसेल तर तो माल रंगकामाचा किंवा शेतीचा समजावा.

वापरायचाच असेल तर पूड थेट वाळूत मिसळू नका. पाण्यात भिजवून निदान आठवडाभर झाकून ठेवा. कालवलेला माल करणीला चिकटतो आणि सांध्यात दाबता येतो. तरी कळीपासून भिजवून पाण्याखाली मुरवलेल्या चुन्याची लवचीकता त्याला येत नाही.

एनएचएल ३.५

हा निसर्गतः जलबद्ध चुना, म्हणजे मातीचा अंश असलेल्या चुनखडकापासून केलेला आणि पाण्यातही घट्ट होणारा. खडकातल्या मातीमुळे हे होतं, हे जॉन स्मीटनने १७५६ मध्ये इंग्लंडच्या एडिस्टोन दीपगृहासाठी चुने तपासताना ओळखलं. आज मिळणारा बराचसा माल युरोपातून येतो, बहुधा २५ किलोच्या पोत्यात. ३.५ म्हणजे २८ दिवसांनंतरची किमान दाबशक्ती, मेगापास्कलमध्ये. याच घराण्यात २ आणि ५ असेही आहेत. ५ जास्त पक्का म्हणून तोच मागवायचा मोह होतो, पण जुन्या मऊ विटेसाठी तो फार कडक आहे.

याची खरी जागा छप्पर नसलेल्या भिंतीच्या माथ्यावर. तिथे पाऊस सरळ उतरतो, आणि साधा चुना बाहेरून आत ढोबळमानाने महिन्याला एखादाच मिलिमीटर घट्ट होत असल्याने तोवर धुऊन जातो. माथ्याला दोन्ही बाजूंना उतार द्यायचा, पाणी साचेल अशी एकही वाटी राहता कामा नये. मिश्रण १ चुना : २.५ वाळू. भरल्यावर ओलं गोणपाट निदान ७ दिवस. इथे बहुतेक कामं फसतात: जलबद्ध चुना सिमेंटसारखा आहे म्हणून पाणी मारतात, पण दुपारी गोणपाट वाळून कोरडं होतं आणि वरचा थर भुगा होतो. गोणपाटावर प्लास्टिक टाका, आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मारायला माणूस ठरवा. नाव लिहून ठरवा, नाहीतर कोणीच जात नाही.

दोष? किंमत. साध्या चुन्याच्या कितीतरी पट. शिवाय मुंबई-पुण्याहून मागवावा लागतो आणि पोतं फुटलं की दमट हवेत खराब होतो. सगळी वास्तू यात करायची योजना कोणी देत असेल, तर पहिल्याच वर्षी निधी संपेल.

तयार ‘हेरिटेज’ मिश्रण

बादलीत किंवा पोत्यात वाळूसकट येतं. पोटात पांढरं सिमेंट आणि पॉलिमर असण्याची शक्यता मोठी. विक्रेत्याकडे घटकांचा तक्ता लेखी मागा. मिळत नसेल तर तिथेच थांबा. घरी तपासायला एक टिक्की करून ठेवा. दुसऱ्या दिवशी खिळ्याने ओरखडाही उठत नसेल, तर त्यात चुना नावापुरता आहे.

कळीचा चुना

भट्टीतून निघालेले पांढरे ढेकळे. वणीजवळच्या राजूरच्या भट्ट्या विदर्भाला जवळच्या, त्यापलीकडे मध्य प्रदेशातलं कटनी. ताजा माल हवा: ढेकूळ हातात हलकं लागतं आणि पाण्यात टाकलं की काही मिनिटांत सळसळून फुटतं. तळाशी पुडीच पुडी असेल तर तो हवेनेच विझला आहे, घेऊ नका. न भाजलेले दगड आणि जास्त भाजलेले काळपट खडे किती निघतात यावर खरा भाव ठरतो. शंभर किलोत दहा किलो खडे निघाले तर पुरवठादाराशी बोलायला हरकत नाही.

विझवताना नियम एकच: पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. वजनाच्या अडीच ते तीन पट पाणी. मिश्रण उकळतं आणि उडतं. डोळ्यांत गेलं तर दृष्टी जाऊ शकते. बंद चष्मा, रबरी हातमोजे, बूट, आणि शेजारी स्वच्छ पाण्याची भरलेली बादली. डोळ्यांत उडालंच तर वीस मिनिटं धुवत राहायचं आणि दवाखाना गाठायचा. प्लास्टिकचा पिंप नको, उष्णतेने तो मऊ पडतो. विटांचा हौद किंवा लोखंडी टाकी घ्या. दोन दिवसांनी ते दूध ३ मिलिमीटरच्या चाळणीतून दुसऱ्या खड्ड्यात गाळा आणि वर चार-पाच सेंटिमीटर पाणी राखून झाका. तीन आठवड्यांनी वापरता येतो, तीन महिन्यांनी चांगला होतो, आणि पाणी टिकवलं तर पुढच्या वर्षीही चालतो. हायड्रेटेड पोत्याला हे जमत नाही, आणि गावासाठी हाच निर्णायक गुण आहे. निधी हप्त्याहप्त्याने येतो, गवंडी सुगीत मिळत नाही, परवानगी लांबते. या सगळ्या काळात खड्ड्यातला चुना सुधारत असतो.

नुसत्या चुन्याला ओलीत टिकण्यासाठी सुरखी, म्हणजे विटेची भुकटी, लागते. इथे फसवणूक जास्त. भट्टीत करपलेल्या लाल-काळ्या विटांची भुकटी निव्वळ वाळूसारखी वागते. हवी ती कमी भाजलेली, फिकट वीट, मैद्यासारखी दळलेली. खात्री करायची तर चुना आणि सुरखी समप्रमाणात कालवून टिक्की करा, सात दिवस ओलसर ठेवा, मग पाण्यात बुडवा. शाबूत राहिली तर सुरखी कामाची, विरघळली तर फेकून द्या. वास्तूच्याच पडलेल्या अख्ख्या विटा सुरखीसाठी दळू नका, त्या डागडुजीला लागणार आहेत. (गूळ, बेलफळ, हिरडा, उडीद यांबद्दल उत्साहाने सांगणारे बरेच भेटतात. जुन्या कामांत ते वापरले गेले आहेत, पण प्रमाण चुकलं की मिश्रण घट्टच होत नाही. आधी वाळू आणि सुरखी ताळ्यावर आणा.)

मूळ चुना कसा होता

खरेदीआधी हे तपासा. भिंतीच्या आतून, पावसाने न धुतलेला ५० ग्रॅम चुना काढा, वाळवा, हलक्या हाताने कुटा आणि पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळवा. खाली उरेल ती वाळू आणि विटेचे कण. धुवून, वाळवून वजन करा. जवळच्या शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली हे होतं. एक खबरदारी: काळ्या जमिनीत सापडणारे चुनखडीचे खडे वाळूत असतील तर तेही विरघळतात आणि चुना होता त्याहून जास्त दिसतो. जुन्या मिश्रणात विटेचे लाल कण दिसले तर सुरखी होती हे पक्कं.

किती लागेल

विटांच्या भिंतीचे सांधे १२ मिलिमीटर रुंद आणि २५ मिलिमीटर खोल उकरले, तर चौरस मीटरला साडेचार लिटर माल बसतो. सांडणं धरून ६ लिटर. म्हणजे १०० चौरस मीटरला ६०० लिटर. चुना वाळूच्या पोकळ्यांत बसतो, म्हणून वाळूही जवळपास ६०० लिटरच. मुरवलेला चुना १:३ ने २०० लिटर, आणि तो सुमारे १०० किलो ताज्या कळीच्या चुन्यातून निघतो. सुरखी घातली तर १ चुना : १ सुरखी : २ वाळू. तेवढंच काम एनएचएलने केलं तर २५ किलोची सहा पोती. खड्डा १ मीटर लांब, १ मीटर रुंद, ६० सेंटिमीटर खोल पुरतो. वाळूत गाळ किती ते बाटलीत पाणी घालून हलवून बघा. आठ टक्क्यांवर थर आला तर धुवा. क्रशरची वाळू चालते, पण तिची धूळ चाळून काढल्याशिवाय नाही, नाहीतर सांधा सुकताना केसासारख्या भेगा पडतात.

सांधे ग्राइंडरने उकरू नका. विटेच्या कडा उडतात. छिन्नी-हातोडी, मग ब्रश, मग पाणी, आणि भिंत ओलसर असतानाच दाबून भरणं. एका वेळी २० मिलिमीटरहून जाड थर नको.

ग्रामपंचायतीच्या वेळापत्रकात चुना कुठे बसतो

आधी मालकी. जिन बहुतेक खासगी, वारसांत वाटलेला, सहकारी संस्थेचा किंवा बँकेकडे गहाण असतो. सातबारा, मिळकत पत्रिका आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ या तिन्हींवरची नावं जुळतात का पाहा. लेखी संमतीशिवाय करणी लावू नका. मग प्रत्येक भिंतीला क्रमांक देऊन फोटो काढा. तड्यांवर काचेच्या पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून तारीख लिहा. पावसाळ्यानंतर काच फुटलेली असेल तर ती भिंत हलते आहे, तिचे सांधे भरणं म्हणजे पैसे वाया; आधी पायाजवळचं पाणी वळवा. पिंपळ-उंबराची रोपं उपटायची नाहीत. मुळासकट ओढली तर विटा सोबत येतात. बुडाशी कापून मुळं मारायची, आणि त्यासाठीचं औषध जाणकाराकडूनच लावून घ्यायचं.

कळीचा चुना जून-जुलैत भिजवा, म्हणजे दिवाळीला तयार. मालाचे भाव सप्टेंबरपर्यंत हातात असावेत, कारण पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याच्या ग्रामसभा २ ऑक्टोबरपासून सुरू होतात. काम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मार्चनंतरचं ऊन सांधा घट्ट होण्याआधी सुकवतं. सुरुवातीला मागच्या बाजूला एक चौरस मीटरचा नमुना भरा आणि महिनाभर थांबा. रंग आणि भेगा बघून मगच दर्शनी भिंतीला हात लावा.

चिमणी या हिशेबात धरू नका. धुरातल्या गंधकाने आतले सांधे खाल्लेले असतात, लोखंडी पट्टे गंजून फुगलेले असतात, आणि विजेसाठी लावलेली तांब्याची पट्टी बहुतेक ठिकाणी चोरीला गेलेली असते. तिथे आधी संरचना अभियंत्याचा अहवाल. तोवर चिमणी कुठेही कोसळली तरी माणूस सापडणार नाही एवढ्या अंतरावर, म्हणजे निदान तिच्या उंचीइतकं सोडून, कुंपण.

मागणीपत्रात एवढं लिहा: ‘भट्टीतून ताजा निघालेला कळीचा चुना, आयएस ७१२ वर्ग सी, ढेकळांच्या स्वरूपात, झाकून आणलेला, पुडी आणि न विझणारे खडे मिळून दहा टक्क्यांहून जास्त असल्यास माल परत.’ आणि गाडी उतरवण्याआधी दोन ढेकळं पाण्यात टाकून बघा.