सीतेची वेणी म्हणून आणली, निघाली दुसरीच : सांगलीच्या गॅलरीत सोळा महिने

मागच्या वर्षी फेब्रुवारीत साताऱ्याहून येताना एका नर्सरीतून हे आमरीचं, म्हणजे ऑर्किडचं, झाड आणलं, ६५० रुपयांना. आता जून संपत आलाय, म्हणजे सोळा महिने झाले. पहिला बहार पूर्ण बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण ऑर्किड आणल्या आणल्या चांगलंच दिसतं, पहिले तीन-चार महिने ते आधीच्या साठ्यावर जगतं आणि आपल्याला वाटतं की आपल्याला जमलं.

नर्सरीतला मुलगा म्हणाला सीतेची वेणी आहे, म्हणजे गजऱ्यासारखा फुलांचा दांडा लोंबणारी आमरी. मी पहिलं विचारलं ते जंगलातून काढलेलं तर नाही ना, तर त्यानं एकाच वयाच्या रोपांचा अख्खा ट्रे दाखवला, मग घेतलं. हे विचाराच. मुळं एका बाजूनं तुटलेली, त्यांना झाडाची साल चिकटलेली, पानं जुनी आणि भोकं पडलेली असं रोप दिसलं तर ते फांदीवरून ओरबाडलेलं असतं, ते घेऊ नका. या झाडांचं बी पिठासारखं बारीक, त्यात अन्नाचा साठाच नसतो, जंगलात ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच उगवतं आणि फुलायला वर्षं जातात. एक झाड तोडलं की ती जागा लवकर भरत नाही.

घरी आणल्यावर अप्पा, म्हणजे माझे सासरे, तासगावकडचे द्राक्षवाले, बघून म्हणाले, "अगं, बांडगूळ इकत आणलंस व्हय?" बऱ्याच जणांना असंच वाटतं म्हणून सांगते. बांडगूळ झाडाच्या आत मूळ घालून त्याचा रस पितं, आमरी फक्त फांदीला धरून बसते. पाणी पावसाचं आणि धुक्याचं, खत म्हणजे सालीवर साचलेला पालापाचोळा, यजमान झाडाचं ती काहीच घेत नाही. अप्पांना मुळं हातात देऊन दाखवली तेव्हा पटलं.

आता खरी अडचण. रोप प्लास्टिकच्या कुंडीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि मॉस (वाळलेलं शेवाळ) ठासून भरलेलं होतं, आणि मी बाकीच्या कुंड्यांसारखं एक दिवसाआड पाणी घालत राहिले. मार्चअखेर खालचं पान पिवळं पडलं, आठवड्यात दुसरं. उपसून बघितलं तर अकरा मुळांपैकी चारच टणक, बाकीची दाबली की आतला दोरा हातात आणि वरचं साल निघून येतंय. मला त्या दिवशी खरंच रडू आलं. ब्लेड गॅसवर तापवून कुजलेलं सगळं कापलं, कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावली (फक्त कापलेल्या जागी, चांगल्या मुळांना लावली तर ती सुकतात), दोन दिवस सावलीत तसंच उघडं ठेवलं. मग सुताराकडून सागवानाच्या पट्ट्यांची टोपली करून घेतली, इस्त्रीवाल्याकडून लाकडी कोळशाचे मोठे तुकडे आणले आणि त्यात नारळाच्या सोडणाचे थोडे तुकडे मिसळले, ते आधी तीन दिवस पाणी बदलून बदलून भिजवलेले. माती अजिबात नाही. रोप सुती दोऱ्यानं बांधलं आणि गॅलरीत टांगलं.

तेव्हापासून मी तारीख बघून पाणी देत नाही, मूळ बघून देते. मुळाच्या वर स्पंजसारखं आवरण असतं, कोरडं असताना ते चांदीसारखं पांढरट दिसतं आणि ओलं झालं की दोन मिनिटांत हिरवं. पांढरं झालं की द्यायचं, हिरवं असेल तर हात लावायचा नाही, बस. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४० ला टेकतो तेव्हा सकाळी भरपूर आणि संध्याकाळी नुसतं मुळांवर फवारा, शिवाय शेजारी ओलं बारदान टांगलं होतं, त्यानं फार फरक पडला. थंडीत मुळांची हिरवी टोकं झाकली जातात, म्हणजे वाढ थांबली, तेव्हा चार-पाच दिवसांनी एकदा पुरतं.

पाण्याबद्दल अजून एक. आमच्या बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं आहे, दोन महिन्यांत मुळांवर पांढरी पुटं चढली आणि नवीन टोकं काळी पडायला लागली. फिल्टरचं पाणी दिलं तशी टोकं परत निघाली, पावसाळ्यात तर मी पावसाचं पाणी कॅन भरून ठेवते. महाबळेश्वरात वर्षाला ५००० मिमीच्या वर पाऊस, आपल्याकडे सांगलीत ५००-६०० च्या आसपास, म्हणजे घाटातल्या झाडाला इथं हवा आपल्यालाच करून द्यावी लागते. पण उलटही आहे, पावसात पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नका, या झाडाला वाढणारा शेंडा एकच असतो, तो कुजला तर खेळ अवघड. मी टोपली थोडी तिरकी टांगलीय. ऊन सकाळी नऊपर्यंतचं, पुढं ५० टक्क्यांची शेडनेट. पान गडद हिरवं म्हणजे उजेड कमी, किंचित पिवळसर हिरवं म्हणजे बरोबर. खत १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच), लिटरला पाव ग्रॅम, वाढीच्या दिवसात आठवड्यातून एकदा. अप्पांनी द्राक्षाच्या हिशोबानं जास्त सांगितलं होतं, मी ऐकलं नाही आणि बरं झालं.

ओळखीचं आता. सीतेची वेणी म्हणजे ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा, आसामचं राज्यफूल तेच. तिची पानं लांब, पन्हळीसारखी, टोक उंदरानं कुरतडल्यासारखं. माझ्या झाडाची पानं आखूड, रुंद, चामड्यासारखी जाड, आणि टोकाला दोन गोल पण लहानमोठ्या पाळ्या. हा फरक मी जानेवारीतच वहीत लिहून ठेवला होता पण खात्री नव्हती, पानावरून शंका येते, निकाल फुलाचाच. एप्रिलच्या शेवटी पानाच्या बगलेतून दांडा निघाला आणि वीस दिवसांत त्याला बाजूला फांदी फुटली. तिथंच समजलं. सीतेच्या वेणीचा दांडा सरळ एकच, खाली लोंबणारा, गजऱ्यासारखा गच्च भरलेला, फांदी नाही. मेच्या अखेरीस फुलं उघडली तर फिकट गुलाबी पाकळ्यांवर जांभळे ठिपके, खालची ओठासारखी पाकळी गडद जांभळट गुलाबी आणि तिच्याखाली पुढं वळलेली मधाची नळी. वेणीच्या फुलात ही नळी मागं गेलेली पिशवी असते. म्हणजे माझी एरिडिस मॅक्युलोसा, वेगळ्याच जातीची आमरी. ओठाच्या कडा झालरीसारख्या असत्या तर एरिडिस क्रिस्पा म्हटलं असतं, इथं कडा साध्या आहेत.

वाईट अजिबात वाटलं नाही. ही भारताच्या द्वीपकल्पातलीच, बाहेर कुठं नैसर्गिकरीत्या सापडत नाही, आपल्या घाटातल्या झाडांवर जूनच्या तोंडावर फुलणारी. फक्त विकणाऱ्यांनी लोंबणाऱ्या प्रत्येक आमरीला सीतेची वेणी म्हणणं थांबवायला हवं, घेणाऱ्याला काळजी कुणाची घेतोय हे कळायला पाहिजे.

बहार अठरा दिवस टिकला, सकाळी मंद गोड वास यायचा, दुपारनंतर नाही. अप्पा रोज चहा गॅलरीत घ्यायला लागले होते. नवखे असाल तर घ्या, पण आणल्याच्या दिवशीच ती कुंडी सोडवा, मी दोन महिने वाया घालवले. सुकलेला दांडा परवा कापला, शेंग धरू दिली नाही कारण झाड अजून लहान आहे. आज सकाळी बघितलं तर टोपलीच्या पट्टीला दोन नवीन मुळं चिकटलीयत, टोकं हिरवीगार.