पद्मिनीचा क्रँक फिरेना, कारण बेअरिंगच्या खोक्यातच दगा होता

प्रीमियर पद्मिनी किंवा जुन्या फियाट ११०० चं इंजिन कुणी खोललं असेल, तर मेन बेअरिंगचा सेट घेण्याआधी हे वाचून घ्या. माझे साडेनऊ हजार गेले. त्याहून मोठं म्हणजे क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, थोडक्यात वाचला, आणि या गाडीचा नवा क्रँक आता सहसा मिळत नाही.

गाडी १९८६ ची, मामांनी वापरलेली. इंजिन गरम झालं की ऑइल प्रेशर खाली यायचं, म्हणून पुरतं खोललं. १०८९ सीसी, चार सिलिंडर आणि क्रँकला आधार फक्त तीन मेन बेअरिंगचा. जर्नल, म्हणजे क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, झिजली होती. ग्राइंडिंग करून क्रँक वीस थाऊवर आणला, म्हणजे मूळ मापापेक्षा इंचाच्या वीस हजारांश बारीक केला. आता बेअरिंगही तेवढी जाड, वीस अंडरसाइजचीच हवी. इथवर सगळं सरळ होतं.

पद्मिनीचे पार्ट पूर्वी मुंबईत कुठेही मिळायचे, कारण हजारो टॅक्सी रोज गॅरेजला लागायच्या. गाडीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं, टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा लागली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. टॅक्सीवाल्यांवर चालणारी दुकानं एकेक करून बंद झाली. उरलेला माल ज्यांच्या हाती गेला, त्यांतल्या काहींनी ओळखलंय की आता येणारं गिऱ्हाईक हौशी आहे, लांबून येतं, आणि पार्ट मिळाला यातच खूश होतं. मला विकणारा त्यांतलाच. "साहेब, कंपनीचा जुना स्टॉक आहे, शेवटचे दोन सेट उरलेत," असं म्हणून त्याने पिवळं पडलेलं खोकं पुढे केलं. आत मेणकागदात गुंडाळलेल्या तीन जोड्या, तिन्हींच्या पाठीवर ०२० चा शिक्का. बिलावर मात्र नुसतं ‘बेअरिंग सेट – १’. साइज लिहून मागितली तर म्हणाला, "खोक्यावर आहे की."

इंजिनचा ब्लॉक उलटा करून स्टँडवर घेतला. शेल, म्हणजे बेअरिंगच्या जोडीतले अर्धगोल तुकडे, बसवले, जर्नलला तेल लावलं, क्रँक अलगद ठेवला. आमचे उस्ताद एकेक कॅप, म्हणजे बेअरिंगवरचं बोल्टचं झाकण, आवळून प्रत्येक वेळी क्रँक हाताने फिरवून बघतात. पुढची कॅप आवळली, क्रँक मोकळा. मागची आवळली, तरी मोकळा. मधली अर्धी आवळली तेव्हाच हाताला जड लागला, आणि टॉर्क रेंचने पूर्ण आवळल्यावर जागचा हलेना.

अशा वेळी शंका आधी स्वतःच्या कामावर येते. कॅप उलटी बसली का, ते पाहिलं. शेलखाली कचरा अडकला असेल म्हणून दोनदा पुसून काढलं. क्रँक वाकला असेल म्हणून दोन टोकांवर ठेवून डायल गेज लावलं, सरळ होता. दुकानदाराला फोन केला तर तो अगदी सहज म्हणाला, "नवा माल असाच बसतो. थोडा पॉलिश पेपर मारा, नाहीतर कॅप कानशीवर घ्या. गाडी चारशे-पाचशे किलोमीटर पळाली की मोकळा होतो."

हा सल्ला कुणीही, कधीही ऐकू नका. जर्नल आणि बेअरिंग यांच्यात मिलिमीटरच्या साधारण पाच शतांश एवढी फट असते, आणि तेवढ्या फटीतल्या तेलावर क्रँक तरंगतो. शेलच्या आतला धातू मऊ असतो. पॉलिश पेपर मारला की त्याचे कण त्यात रुतून बसतात आणि पुढे जर्नलच घासत राहतात. कॅप कानशीने घासली तर ब्लॉकमधलं भोक गोल राहत नाही, मग कुठलीच बेअरिंग नीट बसणार नाही. आणि फटच नसेल तर तेल शिरणार कुठून? बेअरिंग तापते, वितळते, क्रँकला ओरखडे पडतात. मग पुन्हा ग्राइंडिंग: वीसचा तीस, तीसचा चाळीस. चाळीसच्या पुढे बहुधा बेअरिंगच मिळत नाहीत. हे त्या दुकानदाराला माहीत नसेल असं मला पटत नाही.

उस्तादांनी पेपरला हात लावू दिला नाही. "आधी मोजू, मग बोलू," म्हणाले. आम्ही नाना पेठेतल्या एका जुन्या मशीनवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी बॉल टोकाच्या मायक्रोमीटरने एकेक शेल मोजला. पुढची आणि मागची जोडी बरोबर वीसची. मधली प्रत्येक बाजूला त्यांच्यापेक्षा ०.१२७ मिमी जास्त जाड, म्हणजे दोन्ही बाजू मिळून दहा थाऊ जास्त. ती तीसची होती. मग काकांनी भिंग दिलं. मधल्या शेलच्या पाठीवर एक पट्टा बफ मारल्यासारखा चकचकीत होता आणि त्यावर हाताने ठोकलेलं ०२०, त्यातला शून्य किंचित कलता. इतर दोन जोड्यांवरचे आकडे खोल आणि एका रेषेत होते. मधली वीसची जोडी त्याच्याकडे नव्हती, म्हणून तीसची घेऊन नंबर बदलला आणि सेट पुरा केला. चुकून हे होत नाही.

दुकानदार म्हणाला, तेल लागलेला माल परत घेत नाही. आणि बिलावर साइज कुठे आहे? आता त्या बिलाचा अर्थ कळला. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, शेल आणि काकांनी लिहून दिलेली मापं जपून ठेवली आहेत. पैसे अजून आलेले नाहीत. मधली जोडी शेवटी एका बंद पडलेल्या टॅक्सी गॅरेजच्या मालकाने कपाटातून काढून दिली, मापून, वाजवी भावात. क्रँक आता एका बोटाने फिरतो.

सेट घेताना दुकानातच सहाही शेल मोजून मागा. मायक्रोमीटर नाही म्हणाला तर आपला घेऊन जा. पाठीवरचा शिक्का उजेडात नेऊन तिन्ही जोड्यांचा एकमेकांशी ताडून बघा. बिलावर साइज आणि पार्ट नंबर लिहिल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि ‘जुना स्टॉक’ म्हणून घेतलेला सेट ज्यांच्या इंजिनात नुकताच बसवलाय आणि क्रँक जड फिरतोय, त्यांनी सेल्फ मारण्याआधी मधली कॅप खोलून बघा.