जेटीला बांधलेल्या होडीखाली 38 मीटर पाणी दाखवणारे यंत्र

बेळगावच्या ऑटोनगर भागात ट्रकना जीपीएस आणि डिझेलचे मीटर बसवून देणाऱ्या एका दुकानदाराने आमच्या मासेमारी होडीसाठी म्हणून जे सामान गळ्यात मारले, त्याचा हिशेब आधी मांडतो. जीपीएस आणि फिश फाइंडर (पाण्याची खोली व मासे दाखवणारे यंत्र) एकत्र असलेला स्क्रीन 64,500 रुपये, त्याचा ट्रान्सड्यूसर (पाण्यात ध्वनिलहरी सोडून खोली मोजणारा भाग) वेगळा 11,800, डिझेल मोजण्याचा मीटर 23,400, ‘सरकारमान्य ट्रान्सपॉन्डर’ (समुद्रातून उपग्रहामार्फत होडीचा ठावठिकाणा व संदेश पाठवणारे यंत्र) 8,500, वायरिंग व बसवणी 6,900 आणि अनुदानाची फाईल करून देण्याचे 3,500, असे एकूण 1,18,600 रुपये झाले. त्यांपैकी 40,000 यूपीआयने, 50,000 बँकेतून आणि 28,600 रोख दिले. बँकेतले पैसे दुकानाच्या नावावर न घेता त्याने मेहुण्याच्या खात्यावर घेतले. दुकानाच्या नावाचे खाते नसेल, तर तिथून एक रुपयाचाही माल उचलू नका.

बेळगावात समुद्र नाही, मग होडीचे सामान तिथे कशाला घेतले, असे मला भेटेल तो विचारतो. मी बेळगावात मासळीचा व्यापार करतो आणि वेंगुर्ल्याच्या दाजींच्या फायबर होडीत माझी निम्मी भागीदारी आहे. आंबोली घाटातून माझी मासळी आणणाऱ्या टेम्पोला याच दुकानदाराने ट्रॅकर बसवला होता आणि तो आजही बिनतक्रार चालतो. ज्याचे काम डोळ्यांसमोर चालू आहे, त्याच्यावर विश्वास टाकला यात माझे काय चुकले, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही. शिवाय “आपल्याच माणसाला फसवून मी जाणार कुठे?” हे वाक्य त्याने इतक्या सहजपणे म्हटले होते की आज ते आठवले तरी अंगाचा तिळपापड होतो.

सगळ्यात जास्त जळफळाट होतो तो जेटीवरच्या त्या दुपारचा. ओहोटी होती, होडी बांधलेली होती, खाली पाणी जेमतेम छातीभर असेल आणि नव्या स्क्रीनवर खोलीचा आकडा 38 मीटर दाखवत होता, त्याखाली माशांच्या लाल-पिवळ्या कमानी एकामागून एक सरकत होत्या. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, हसून म्हणाला, “शेठ, इतके मासे हयसरच असते तर आम्ही भायर कित्याक गेलो असतो?” दुकानदाराने त्याला सांगितले की यंत्र नवीन आहे, त्याला पाण्याची सवय व्हायला दोन-तीन फेऱ्या लागतील. स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘सिम्युलेटर’ असे लिहिलेले होते, परंतु उन्हाची तिरीप काचेवर पडत होती आणि दुकानदाराचा अंगठा नेमका त्याच कोपऱ्यावर होता. सिम्युलेटर म्हणजे दुकानात गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी यंत्रातच भरून ठेवलेला खोटा समुद्र असतो. पुढे वेंगुर्ल्यातल्या एका जाणत्या मिस्त्रीने तो बंद केला, तेव्हा खोलीच्या जागी नुसत्या आडव्या रेघा उरल्या, कारण ट्रान्सड्यूसरची वायर कशालाच जोडलेली नव्हती आणि तिच्या टोकाला असलेला काळा गोळा आतून पोकळ होता. यंत्र पाण्यावर पारखताना शिशाचे वजन बांधलेली दोरी सोडून आपणच खोली मोजावी आणि दोन्ही आकडे जुळल्याशिवाय पाकिटाला हात लावू नये.

नकाशाची तऱ्हा याहून वाईट होती. सावंतवाडी-वेंगुर्ला रस्त्याचे एकेक वळण त्यात होते, पण समुद्र म्हणजे नुसता निळा रंग होता. खोलीचे आकडे नव्हते आणि दीपगृह असलेले वेंगुर्ला रॉक्सचे खडकही नव्हते. मोटारीचा स्क्रीन खोक्यात घालून त्यावर नामांकित कंपनीचे स्टिकर चिकटवलेले होते. पहिल्याच आठवड्यात काचेच्या आत दमट वाफ धरली. यंत्रावर निदान आयपीएक्स 7 ही खूण असावी लागते, म्हणजे ते एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. आमच्या यंत्रावर कसलीच खूण नव्हती.

डिझेलच्या मीटरने तर जास्तीचा भुर्दंड घातला. आमचे इंजिन दोन सिलिंडरचे, 24 अश्वशक्तीचे आहे. पूर्ण जोरात चालणारे डिझेल इंजिन दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण 0.2 लिटर पिते, म्हणजे आमचा खर्च पाच लिटरच्या आत यायला हवा, पण मीटर 14 लिटर दाखवू लागला. इंजिनच बिघडले असे समजून दाजींनी पंप उघडून घेतला आणि त्यात 4,200 रुपये गेले. दोष इंजिनात नव्हताच. डिझेल इंजिनाकडे गेलेले सगळे तेल जळत नाही, उरलेले परतीच्या नळीने टाकीत येते, त्यामुळे जाणाऱ्या आणि येणाऱ्या अशा दोन्ही नळ्यांवर सेन्सर लावून वजाबाकी करावी लागते. पेट्रोलवर चालणाऱ्या आउटबोर्डला, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाला, एक सेन्सर पुरतो आणि या गृहस्थाने तोच एकुलता एक सेन्सर आम्हाला 23,400 रुपयांना विकला. परतीच्या नळीचे काय, एवढे विचारले तरी असल्या विक्रेत्याची बोबडी वळते.

ट्रान्सपॉन्डर म्हणून जे दिले ते ट्रकचे ट्रॅकर होते आणि त्याला मोबाइलचे सिम लागत होते. किनाऱ्याची रेंज सुटली की ते मुके होई. सिम मागणारे यंत्र समुद्रात जीव वाचवील या भरवशावर कोणीही राहू नये. संताप आणणारी गोष्ट पुढेच आहे. इस्रोने विकसित केलेले खरे ट्रान्सपॉन्डर एक लाख मासेमारी नौकांवर बसवण्याची योजना 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये सुरू झाली आणि नौकामालकाला ते मोफत मिळते. फुकट मिळणाऱ्या वस्तूच्या नकलेचे आम्ही 8,500 रुपये मोजले.

तक्रार करायला गेल्यावर जे पाहिले, त्यापुढे दुकानदार बरा म्हणावा लागेल. बेळगावच्या पोलीस ठाण्यात सांगितले की यंत्र वेंगुर्ल्यात बसवले, तर गुन्हा महाराष्ट्रात घडला. वेंगुर्ल्यात सांगितले की पैसे बेळगावात दिले, तर कर्नाटकात जा. माझा अर्ज मराठीत होता म्हणून तो कन्नडमध्ये लिहून आणायला लावले, टंकलेखकाने त्याचे 300 रुपये घेतले आणि तो कन्नड अर्ज वाचून साहेबांनी पुन्हा हेच सांगितले की हद्द आमची नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी त्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मला वकिलांकडून कळले. ठाण्यातल्या माणसांना ते ठाऊक नव्हते की ठाऊक असूनही नको होते, हे तेच जाणोत. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 या क्रमांकावर सांगण्यात आले की माल मिळालेला आहे, तेव्हा हा व्यापारी वाद ठरतो. मत्स्य खात्याच्या कार्यालयातल्या बाईंनी अनुदानाची अशी कोणतीही फाईल आलेली नसल्याचे सांगितले आणि वर विचारले, “तुम्हाला घ्यायला सांगितले कोणी?” बिलावर दुकानाचा पत्ता बेळगावचा असताना जीएसटी क्रमांक 30 ने सुरू होत होता. 30 हा गोव्याचा आकडा आहे, कर्नाटकाचा 29 असतो. जीएसटी कार्यालयात मी ते बिल टेबलावर ठेवले, तर ऑनलाइन तक्रार करा म्हणून मला बाहेर काढण्यात आले. तीन राज्यांच्या सीमेवर धंदा करणाऱ्या लुच्चाला याहून सोयीची जागा कुठली मिळणार?

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. तक्रारदार जिथे राहतो तिथेच तो करता येतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवर शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. दुकानाला आता कुलूप आहे. निपाणी, संकेश्वर किंवा खानापूरकडच्या कोणाकडे बेळगावचा पत्ता आणि 30 ने सुरू होणारा क्रमांक असलेले बिल असेल, तर त्यांनी ते बिल आणि यंत्राचे खोके दोन्ही जपून ठेवावे. वकिलांना खोक्यावरचा अनुक्रमांक हवा आहे आणि आमचे खोके दाजींच्या पडवीत उंदरांनी कुरतडून टाकले आहे.