वापरलेली हिमालयन ४११: एका डॉमिनारवाल्याचा अनुभव

मुंबईतल्या मोटरसायकलस्वाराच्या वाट्याला वेगाचे रस्ते जवळपास येतच नाहीत, ही गोष्ट टूरिंगची गाडी निवडताना फारसे कोणी लक्षात घेत नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतू, किनारी रस्ता, अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग या सर्वांवर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे पुण्याला जुन्या महामार्गाने, नाशिकला कसारा घाटाने आणि कोकणात वर्षानुवर्षे काम चाललेल्या राष्ट्रीय महामार्ग ६६ वरूनच जावे लागते. माझ्याकडे २०१९ची बजाज डॉमिनार ४०० आहे आणि ती वेगाला कमी पडत नाही. तरीही, ज्या रस्त्यांवर मी प्रत्यक्षात जातो त्या रस्त्यांना ती कितपत योग्य आहे, हा प्रश्न बरेच दिवस मनात असल्याने कांदिवली पूर्वेला विक्रीला असलेली २०२०ची रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ चालवून पाहिली.

गाडी पहिल्याच मालकाकडे होती. मी पोहोचल्यावर सर्वप्रथम इंजिनाला हात लावून पाहिला, तर ते थंड होते. आधीच तापवून ठेवलेली गाडी चालू होण्यातली कुरकुर लपवते, म्हणून ही खात्री करून घेतलेली बरी. ‘दादा, आधी मनासारखी चालवून बघा, भावाचं नंतर बोलू,’ असे म्हणून मालकाने चावी हातात दिली. बीएस ६ (नव्या प्रदूषण मानकाची) आवृत्ती असल्यामुळे मागच्या चाकाचे एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जखडू न देणारी यंत्रणा, बंद करण्याची सोय होती, आणि ते बटण चालत होते. चेनच्या कड्यांवर गंज नव्हता. मुंबईच्या खाऱ्या हवेत आणि चार पावसाळ्यांनंतर हे मालकाच्या काळजीचेच प्रमाणपत्र म्हणायला हवे.

पश्चिम द्रुतगती महामार्गाला लागण्याआधीच्या गर्दीत या गाडीचा स्वभाव कळला. क्लच हळू सोडला की थ्रॉटल न देताही ती रिक्षामागून निमूटपणे सरकत राहते. याचे कारण इंजिनाच्या घडणीत आहे: ७८ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ८६ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव) असल्यामुळे ३२ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, ४,००० ते ४,५०० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) दरम्यानच हाती येतो. डॉमिनारचा ३५ न्यूटन-मीटर कागदावर जास्त असला, तरी तो ७,००० आरपीएमला मिळतो, म्हणून गर्दीत तिला सतत खालच्या गिअरमध्ये ठेवून डिवचावे लागते. शिवाय सिग्नलला थांबल्यावर डॉमिनारच्या रेडिएटरचा पंखा पोटऱ्यांवर सोडतो ती गरम हवा इथे नाही, कारण हे इंजिन हवा आणि तेल यांवरच थंड होते.

महामार्गावर मात्र पारडे फिरते. ताशी ८० ते ९०पर्यंत हिमालयन आरामात जाते. त्यापुढे तिला ढकलावे लागते आणि शंभरच्या पुढे इंजिन आपली नाराजी फूटपेगमधून (पाय ठेवायच्या खुंट्यांतून) कळवू लागते. साधारण २४ बीएचपी (अश्वशक्ती) आणि १९९ किलो वजन यांतून याहून वेगळे काही निघणारही नाही. डॉमिनारकडे ४० पीएस (बीएचपीसारखेच शक्तीचे एकक) आहेत, वजन सुमारे १८५ किलो आहे आणि सहावा गिअर आहे. कसाऱ्याच्या चढावर कंटेनरला मागे टाकताना जो विश्वास वाटतो तो याच आकड्यांतून येतो. मागे पत्नी आणि दोन्ही बाजूंना भरलेल्या बॅगा असताना हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

गोरेगावहून आरे कॉलनीत शिरलो. मोठ्या गतिरोधकांवर डॉमिनारवरून मी सवयीने ब्रेक दाबून बसतो. हिमालयनवर फूटपेगवर थोडे उभे राहून वेग न मोडता सरळ गेलो. २१ इंची पुढचे चाक, पुढच्या सस्पेन्शनची २०० मिमी खाली-वर होण्याची मुभा आणि २२० मिमी ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासूनची उंची) यांचा अर्थ तिथे पाठीच्या कण्याला समजला. डॉमिनारचा ग्राउंड क्लिअरन्स १५७ मिमी आहे, आणि महाड-चिपळूण पट्ट्यात तो किती अपुरा पडतो हे मला अनेक पावसाळ्यांपासून माहीत आहे. टाकीही हिमालयनची १५ लिटरची आहे, डॉमिनारची १३.

एक बाब मात्र जाहिरातींच्या पानांवर सहसा दिसत नाही, ती म्हणजे ट्यूब. हिमालयन ४११ला तारांची चाके आणि ट्यूबचे टायर आहेत. डॉमिनारच्या ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला, तर भोकात रबरी पट्टी ठोकून आणि हवा भरून पुढे निघता येते. इथे रस्त्याच्या कडेला चाक उतरवणे आले, आणि एकट्याने कशेडी घाटात ते करायची माझी तयारी नाही. पट्टीचे दुकान गाठेपर्यंत प्रवासाचा अर्धा दिवस जाऊ शकतो.

परत आल्यावर गाडी डबल स्टँडवर घेतली, मागची बाजू दाबून पुढचे चाक उचलले आणि हँडल दोन बोटांनी या टोकापासून त्या टोकाला फिरवले. बरोबर मध्यावर ते हलकेच अडले, जणू तिथे खाच आहे. म्हणजे कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) झिजला होता. आरेतून येताना सरळ रेषेत गाडी किंचित डुलत होती, त्याचे कारण हेच. खराब रस्त्यांवर फिरलेल्या गाडीत ही झीज नवलाची नाही, दुरुस्तीही मोठी नाही. पण तिचा खर्च भावातून वजा व्हायला हवा. पुढचा टायरही बदलायला आला होता.

मालकाने दीड लाख सांगितले. कोनसेट, टायर आणि चेन-स्प्रॉकेट धरून मी एक लाख तीस हजारांवर आलो. गाडी कर्जावर घेतलेली असल्याने बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ (कर्जाचा बोजा उतरवण्याचा अर्ज) आधी, मग नावबदलासाठी फॉर्म २९ आणि ३०, आणि प्रलंबित ई-चलाने त्यांनीच भरायची, एवढ्या अटी ठेवल्या. भावावर ते अजून विचार करत आहेत. जमले तर ती कोकणासाठी येईल. डॉमिनार मात्र विकणार नाही, कारण मागे पत्नी बसणार असेल तर घाटात मला तीच हवी.